बजबजच्या शेडमधल्या पाच पांढऱ्या मोटारी

माझ्या वडिलांनी आम्हा भावंडांसाठी दोन मोटारी मागे ठेवल्या. त्या नेमक्या कुठल्या, एवढंच सांगायचं राहून गेलं.

वडील, म्हणजे आमचे नाना, कोलकात्याजवळच्या बजबजमध्ये एका ज्यूट मिलमध्ये जन्मभर इंजिनिअर होते. मिलच्या आवारातल्या बंगल्यात मी आणि ताई वाढलो. निवृत्त झाल्यावर नाना आणि आई कोलकात्यात माझ्या फ्लॅटवर राहायला आले आणि आपल्या दोन्ही अँबॅसॅडर त्यांनी मिलच्या शेडमध्ये 'तात्पुरत्या' ठेवल्या. (आमच्या घरात तात्पुरती ठेवलेली वस्तू म्हणजे पुढच्या पिढीच्या डोक्याला ताप!) गेल्या वर्षी नाना गेले. यंदा दुर्गापूजेच्या तोंडावर मिलमधून फोन आला, की शेड पाडायची आहे. कोजागरीच्या लक्ष्मीपूजेनंतर आत जे काही उरेल ते भंगारवाल्याचं. तेव्हा आपल्या दोन गाड्या ओळखून घेऊन जा.

"ओळखायचं काय त्यात?" मी फोनवर हसलो. ते माझं त्या प्रकरणातलं शेवटचं हसणं.

आईनं मात्र गंभीरपणे मला समोर बसवलं. "दुसरीचं काही का होईना, नंदू. पण माझी पहिली गाडी भंगारात जाता कामा नये. तुम्हा दोघांना हॉस्पिटलातून तिच्यातूनच घरी आणलंय मी. दसऱ्याला तिची पूजा मी माझ्या हातानं करणार. मी येते तुझ्याबरोबर."

"तू कशाला? उगाच दगदग. मी काय माझी गाडी ओळखणार नाही? इतिहासाचा प्राध्यापक आहे मी. पुरावा कसा तपासावा हेच तर मुलांना शिकवत आलो आयुष्यभर!"

"बरं बाबा," आई म्हणाली. माझ्या प्राध्यापकीचा विषय निघाला की आई नेहमी एवढंच म्हणते.

आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्या वाट्याला एकाच गाडीची जागा आहे. त्यामुळे असं ठरलं, की आईची पहिली गाडी माझ्याकडे आणि दुसरी ताईकडे, बराकपूरला. भावजी फौजेतून निवृत्त झालेत आणि त्यांच्या अंगणात रणगाडासुद्धा मावेल. ताई लोकलनं सियालदहला आली, तिथून आम्ही दोघांनी बजबजची लोकल पकडली आणि वाटेत झालमुडी खात, नानांच्या आठवणी काढत मिलवर पोचलो.

दरवान मिश्राजींनी शेडचं दार उघडलं. आत पाच मोटारी होत्या. पाचही अँबॅसॅडर आणि पाचही पांढऱ्या! मिलच्या रंगाऱ्याकडे बहुधा एकच डबा असावा. नंबरप्लेटा केव्हाच कुणीतरी उपटून नेल्या होत्या, इंजिनावरचे आकडे गंजानं खाल्ले होते आणि कागदपत्रं नानांनी इतकी जपून ठेवली होती की ती कुणालाच सापडली नाहीत.

"मिश्राजी, यातल्या आमच्या कुठल्या?"

"सब एक ही है, बाबू," मिश्राजी म्हणाले आणि खुर्चीत बसून त्यांनी तंबाखू मळायला घेतला.

मी डगमगलो नाही. "ताई, बॉनेट उघडायचं. दर दसऱ्याला आई बॉनेटच्या आतल्या बाजूला कुंकवाचं स्वस्तिक काढायची, आठवतं? या अख्ख्या बजबजमध्ये मराठी घर आपलं एकच. ज्या गाडीत स्वस्तिक, ती आपली! याला म्हणतात पुरावा."

पहिल्या गाडीचं बॉनेट उघडलं. आत लालभडक स्वस्तिक! मी ताईला टाळी दिली. दुसरी उघडली. स्वस्तिक! "बघ, दोन मिळाल्या, काम झालं!" मी म्हणालो. ताईनं तिसरी उघडली. मग चौथी. मग पाचवी. सगळीकडे स्वस्तिक! पाचव्या गाडीत तर दोन होती.

"नंदू," ताई म्हणाली, "विश्वकर्मा पूजा."

मी तिथल्या एका सुट्या चाकावर बसलो. दर वर्षी विश्वकर्मा पूजेला मिलमधली झाडून सारी यंत्रं, सायकली आणि साहेबांच्या मोटारी ओळीनं लावून पुजल्या जायच्या. पुरोहित एका दमात सगळ्यांना सिंदूर फासत जायचा. मी याच गावात जन्मलो, त्या दिवशी त्याच आवारात पतंग उडवत वाढलो, आणि गाडीची पूजा म्हटल्यावर मला आठवली ती फक्त आमच्या घरातली! शतकानुशतकं बंगालनं आमच्या आईकडूनच कुंकू उसनं नेलं अशी काहीतरी माझी समजूत असावी.

"आता डोळे मिटून आठवायचं," ताईनं सूत्रं हातात घेतली. "मागच्या सीटवर बसू. लहानपणी बसायचो तसं. आपली गाडी आपल्याला आपोआप कळेल."

तर साठीला टेकलेला मी आणि साठी ओलांडलेली ताई, दोघं एकेका गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसू लागलो.

"ती खिडकी माझी आहे," ताई म्हणाली.

"जाताना तुझी, येताना माझी, असं ठरलं होतं!"

"तू खिडकीत बसलास की मला मळमळायचं."

"तुला कुठेही मळमळायचं. डायमंड हार्बरला जाताना तू..."

"ते काढायचं कारण नाही!"

मिश्राजींनी तंबाखू मळणं थांबवून आमच्याकडे पाहिलं. चौथ्या गाडीत बसलो आणि काय झालं कुणास ठाऊक, मला नानांच्या केसांच्या तेलाचा वास आला. समोर त्यांची मान दिसली. माझे डोळे भरून आले. "ताई, हीच!" मी हुंदका दिला. पाचवीत ताई रडली. मला वाटलं, चला, मी रडलो ती पहिली गाडी आणि ताई रडली ती दुसरी. नानांच्या आत्म्यानंच वाटणी करून दिली! दोन ट्रक बोलावले. एक बराकपूरला गेला आणि एक माझ्या घरी आला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ताईचा फोन. "नंदू, माझी गाडी बरोबर आहे! डिकीत काय मिळालं सांग. आपला चकलीचा सोऱ्या!"

हा पितळी सोऱ्या आमच्या घरातून फार वर्षांपूर्वी नाहीसा झाला होता आणि तो नागपूरच्या आत्यानंच लंपास केला याबद्दल आईच्या मनात कधीही शंका नव्हती. त्यापायी दोघींचं दिवाळीचं बोलणं सोडून बाकी सगळं बोलणं बंद होतं. आईनं ताबडतोब आत्याला फोन लावला आणि सोऱ्याचा 'सो'सुद्धा न काढता तासभर इतकं गोड बोलली, की आत्यानं घाबरून मला उलटा फोन केला. "वहिनीची तब्येत बरी आहे ना रे?"

सोऱ्या बंगाली माणसाच्या गाडीत कशाला असेल? ताईची निवड शंभर टक्के खरी ठरली. मग मी हळूच खाली जाऊन माझ्या गाडीची डिकी उघडली. आत मासे धरायचे गळ, दोऱ्याचं रीळ आणि एक वाळलेला खवला होता. आम्ही सात पिढ्यांचे वरणभातवाले.

"नानांना मासेमारीचा छोटासा छंद असेल," मी आईला म्हणालो. "आपल्याला बोलले नसतील."

"संसार मी केला की तू?" आई म्हणाली. पण तिचा आवाज बारीक झाला होता. तिला ती गाडी आपलीच असायला हवी होती आणि तिनं पुढे काही विचारलं नाही. मला मात्र त्या रात्री नीट झोप लागली नाही.

दसऱ्याच्या सकाळी आईनं पूजा मांडली. आपट्याची पानं कोलकात्यात मिळत नाहीत, म्हणून आई कांचनाची चालवून घेते. हळदकुंकू झालं, झेंडूची माळ झाली, नारळ फुटला. शेजारचे घोषालदा संदेश मिठाईचा डबा घेऊन आले. "की दारुण गाडी!" (बंगालीत दारुण म्हणजे झकास) असं म्हणत त्यांनी गाडीला हात जोडले. आई पुढच्या डाव्या सीटवर, तिच्या नेहमीच्या जागेवर बसली. मी दार लावलं आणि घोषालदांना पुराव्याचं महत्त्व समजावू लागलो.

आई मांडीवर हात ठेवून नुसती बसून राहिली. बराच वेळ बसली. मग तिनं चाचपडत आतल्या मुठीला हात घातला. खट्! दार उघडलं. आईचा चेहरा पडला.

"नंदू, ही आपली नव्हे."

"कशावरून?"

"दार उघडलं."

"अगं आई, दार उघडायचंच असतं!"

"आपलं उघडत नसे," आई म्हणाली. "माझ्या बाजूचं दार आतून कधीच उघडलं नाही. हे उतरायचे, गाडीला वळसा घालून यायचे आणि उघडून धरायचे. क्लबातल्या सगळ्या बायका आपापल्या नवऱ्यांना ह्यांचं उदाहरण द्यायच्या."

"अगं पण नाना इंजिनिअर! अख्खी मिल चालवायचे. त्यांना एक मूठ दुरुस्त करता आली नाही?"

"न यायला काय झालं?" आई म्हणाली. "मी कधी दुरुस्त करा म्हटलं नाही. त्यांनीही कधी करू का म्हणून विचारलं नाही."

घोषालदांनी संदेशचा डबा हळूच बॉनेटवर ठेवला. मला फार वाईट वाटलं. सगळं लहानपण मी त्या गाडीच्या मागच्या सीटवर काढलं, आणि पुढच्या सीटवर एवढं सगळं चाललं होतं ते मला दिसलंच नाही. मी आपला खिडकीसाठी भांडत होतो.

दुसऱ्याच दिवशी आम्ही बजबज गाठलं. गळवाली गाडी ट्रकमध्ये, आम्ही टॅक्सीत. (आई ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसायला तयार होती.) सोऱ्याच्या विजयानंतर ताई तर येणारच होती; तिच्या गाडीचं ते दार आतून सहज उघडतं, हे तिनं फोनवरच सांगितलं होतं. शेडमध्ये भंगारवाला आधीच येऊन उरलेल्या तीन गाड्यांवरून डोळे फिरवत होता. त्याला बघून आईची पावलं भराभर पडू लागली.

पहिल्या गाडीत आई बसली. मी दार लावलं. खट्, उघडलं. दुसरीत बसली. खट्! आईच्या कपाळाला घाम फुटला. ताईचा टोमणे मारायचा उत्साह संपला होता. तिसरीही उघडली असती तर नानांची गाडी केव्हाच कुणीतरी आपली म्हणून नेली असाच त्याचा अर्थ होता, आणि आईला नुसतं 'बरं बाबा' म्हणायची संधीही मी ठेवली नसती.

तिसऱ्या गाडीत आई बसली. मी दार लावलं. तिनं मूठ फिरवली. काही नाही. परत फिरवली. दार ढिम्म! आईनं मुठीवरचा हात काढला, दोन्ही हात मांडीवर ठेवले, समोरच्या काचेतून बघत मागे टेकून बसली आणि हसली. नाना गेल्यापासून मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. याच गाडीत बसून मी त्या दिवशी "छे, ही तर नव्हेच!" असं छातीठोकपणे म्हणालो होतो.

मी रुमाल काढला आणि यथेच्छ रडलो. आतून काचेवर टकटक झाली.

"अरे, रडतोस काय? दार उघड!"

मी डोळे पुसले. मी दाराशीच उभा होतो, तरी नानांची आठवण म्हणून गाडीला एक पूर्ण वळसा घातला. ऐटीत पुढे झालो, बाहेरची मूठ धरली आणि ओढली.

मूठ माझ्या हातात आली. दार जागच्या जागी राहिलं.

ताई हसून हसून खाली बसली. भंगारवाला आशेनं पुढे सरकला. मी दाराला लाथ मारली, मग दाराची माफी मागितली, मग नखांनी दार ओढून पाहिलं. तोवर आई पदर सावरत, सरकत सरकत नानांच्या जागेवर गेली, त्यांच्या बाजूचं दार उघडून उतरली आणि गाडीला वळसा घालून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिनं माझ्या हातातल्या मुठीकडे पाहिलं.

"त्यांनी जन्मभर उघडलं," आई म्हणाली. "तुला फक्त एकदा उघडायचं होतं!"