सायकलला कुलूप

माझी तीनचाकी सायकल शाळेच्या मैदानात फिरत होती आणि मी सतरंजीवर बसले होते. बसले नव्हते, बसवलं होतं. दोन पोरांनी काखेत हात घातले, उचललं, ठेवलं. विचारलं कुणीच नाही.

खर्डीजवळच्या आमच्या पाड्यावर गेल्या वर्षी शहापूरहून कॉलेजचं सेवाशिबिर आलं होतं. दिव्यांगांची सेवा केली की त्यांना मार्क मिळतात. पाड्यात दिव्यांग म्हणजे मी. लहानपणी तापात पाय गेले, तेव्हापासून हाताने फिरवायची ही सायकलच माझे पाय. त्या दिवशीचा कार्यक्रम होता, ‘दिव्यांगांचं जग अनुभवूया’. म्हणजे प्रत्येकाने माझ्या सायकलवर बसून फेरी मारायची. पोरं ओरडत होती, रील काढत होती, खिदळत होती.

मला लघवीला लागली होती. शेजारी उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलीला म्हटलं, "माजी सायकल दे गो. मना जायचंय."

ती शिबिराच्या सरांकडे गेली. सर माइकवरूनच म्हणाले, "ताई, पाचच मिनिटं. पाहुण्यांसोबत फोटो झाला की लगेच."

पाहुणे आले. शाल आली, नारळ आला, भाषण सुरू झालं. मी दात आवळून बसले. आई मजुरीला गेली होती, नाहीतर तिने सायकलवरच्या पोराला ओढून खाली घेतलं असतं. मी हात वर केला. लोकांना वाटलं, मी आभार मानतेय. टाळ्या वाजल्या.

आणि तिथंच झालं. सतरंजीवर, सगळ्यांदेखत. पंचविशीतली बाई मी.

कुणीतरी "शी" म्हणालं. सर पाहुण्यांच्या कानाशी वाकले, पण माइक चालूच होता. "बिचारीला कळत नाही हो."

पाय नाहीत म्हणून अक्कलही नाही! माझं डोकंच फिरलं. लाज कुठल्या कुठे गेली.

"मना सगळं कळतं, सर. मी सायकल मागितली व्हती. तुमी नाय दिली."

पोरं पुन्हा उचलायला धावली. "हात लावू नका," मी ओरडले. सरपटत निघाले. ओल्या ड्रेसने पाहुण्यांची रांगोळी पुसत सायकलपर्यंत गेले. वरचा पोरगा मुकाट उतरला. मी हातांवर जोर देऊन चढले आणि घरी आले. त्या रात्री खूप रडले, रागाने.

यंदा तेच सर दारात. सोबत नवी पोरं.

"झालं गेलं विसरा, ताई. मुलांना शिकायचंय."

"शिकायचंय? शाळेच्या संडासाला पायऱ्या हायेत. माजी सायकल आत जात नाय. घमेली घ्या, उतार बांधा."

"ते आमच्या उपक्रमात येत नाही."

"मंग तुमी पन येऊ नका."

बोलता बोलता एका पोराने सहज सायकलच्या हँडलवर हात ठेवला. मी तो झटकला.

सायकलला आता कुलूप असतं. किल्ली माझ्या गळ्यात. कुणाला बसायचं असेल त्याने आधी मला विचारावं. मी नाही म्हणणार आहे.