आप्पांचा तिसरा झटका

हसणार नाही असं कबूल करत असाल तरच सांगतो. नको, राहू दे. तुम्ही कबूल कराल आणि वर हसाल! आमची बायको, सुलभा, तर मी हा किस्सा सुरू करायच्या आधीच पदर तोंडाला लावून बसते.

नव्वद-एक्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. आम्ही डोंबिवलीत, दोन खोल्यांत. सासरे, म्हणजे आप्पा, आमच्याकडेच राहायला आलेले, कारण त्यांना पॅरालिसिसचा झटका येऊन गेलेला. बोलणं सुधारलं, पायही सुधारला, पण उजव्या हाताची मूठ जी मिटली ती उघडेना. आणि हात कोणाचा? कॅरमवाल्या आप्पांचा! ठाण्याला टेंभी नाक्यावर राहायचे तेव्हा त्यांच्यासमोर बसायला लोक घाबरायचे. "आता बोर्ड काय करायचाय? देऊन टाका कोणाला तरी," म्हणाले. आम्ही दिला नाही, चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकला. तेव्हापासून ते दिवसभर खिडकीकडे पाठ करून बसायचे. मला ते बघवायचं नाही, खरंच सांगतो.

कल्याणला एक फिजिओथेरपिस्ट बाई होत्या. त्यांनी आठ दिवसांच्या बोलीवर एक मशीन दिलं. कमरेच्या पट्ट्याला अडकवायचा छोटा डबा, त्यातून दोन वायरी, आणि मनगटाच्या वर बांधायचा पट्टा. बटण दाबलं की स्नायूला बारीकसा करंट मिळणार आणि बोटं आपोआप उघडणार. असं होता होता हाताला पुन्हा सवय लागते म्हणे.

"फक्त एक करा," बाई म्हणाल्या, "पेशंटसमोर करंट, शॉक असले शब्द काढू नका. घाबरतात."

मला शिकवतात! आंबिवलीच्या कंपनीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला बारा वर्षं काढलेला माणूस मी. शॉक म्हणायचं नाही ना? नाही म्हणत. मराठीत चांगला शब्द आहे की!

रविवारी सकाळी पट्टा बांधत मी म्हणालो, "आप्पा, घाबरू नका हं. अगदी हलकासा झटका येईल."

आप्पांनी हात मागे घेतला. "पहिला आला तो काय कमी होता?"

मला वाटलं, गंमत करतायत. मी आपला हसलो. शेवटी मशीन आधी माझ्या हाताला लावून दाखवलं, तेव्हा कुठे तयार झाले. दोनदा बटण दाबलं. दुसऱ्या वेळी तर बोटं चांगली उचलली गेली! मी टाळ्या वाजवतोय, आणि आप्पांचा चेहरा होता तसाच.

"मशीन हलवतंय, जावईबापू. मी कुठे हलवतोय? काढा ते."

"संध्याकाळी अजून एकदा बघू," म्हणून मी त्यांना कसंबसं राजी केलं. पण आनंद पोटात मावेल तर शपथ! मी शेजारच्या पाटणकरांकडे गेलो आणि ठाण्याला मेहुण्याच्या, म्हणजे विजूच्या, घराखालच्या वाण्याला फोन लावला. लाईनवर नुसती खरखर. मी ओरडून ओरडून निरोप दिला, "विजूला सांगा, आप्पांना सकाळी दोन झटके दिले! संध्याकाळी तिसरा! जमलं तर बघायला ये म्हणावं!"

आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं?

वाण्याला 'दिले' ऐकू आलं नाही. त्याने आपल्या मनाने 'आले' घातलं.

दुपारी चारला जिन्यात रडारड ऐकू आली. दार उघडतो तर पुढे वत्सला आत्या, आप्पांची बहीण. विजूने येता येता तिला घरून उचललेली. हातात गंगाजलाचा गडू! मागे विजू, त्याची बायको, आणि टेंभी नाक्याचे तीन कॅरमवाले, माना खाली घालून.

"दादा रे!" म्हणत आत्या आत घुसली. दादा खुर्चीत बसून डाव्या हाताने चहा पीत होते.

"कोण गेलं गं?" आप्पांनी विचारलं.

विजू माझ्याकडे वळला. "भाऊजी, दोन झटके आले म्हणून निरोप होता ना?"

"आले नाहीत रे! मी दिले!"

"तुम्ही दिले?"

"हो, सकाळी. तिसरा आता देणार होतो."

आत्याने गडू माझ्यावर उगारला. सुलभा मध्ये पडून सगळं समजावेपर्यंत माझी काय अवस्था झाली असेल ते बघा. मग मशीन आलं, सगळे वाकून बघायला लागले. त्या तीन कॅरमवाल्यांकडे आप्पांनी एकदा पाहिलं. खूप दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं.

"विज्या, बोर्ड काढ माळ्यावरून."

बोर्ड आला. आप्पांचा हात स्ट्रायकरमागे ठेवला, बोट अंगठ्यात अडकवलं. मी बटण दाबलं आणि बोट नीट सुटतंय का बघायला अगदी खाली वाकलो. आता माझं टक्कल तुम्हाला दिसतंच आहे, ते तेव्हापासूनचं.

टिच्च!

स्ट्रायकर जागचा हलला नाही. टिचकी सरळ टाळूवर! घर हसून हसून कोसळलं. आप्पा मात्र गंभीर.

"क्वीन घेतली," ते म्हणाले. "हलू नका जावईबापू, कव्हर घ्यायचंय."

आणि दुसरी टिचकी आली. कसली टिचकी, नुसतं बोट टेकलं डोक्याला. चेष्टा करायला मी तोंड उघडलं आणि नजर डब्यावर गेली.

दुसऱ्या वेळी बटण मी दाबलंच नव्हतं.

"आप्पा," मी म्हणालो, "हे मशीनने नाही केलं!"

आप्पांनी डाव्या हाताने ते बोट पुन्हा अंगठ्यात अडकवलं. मग म्हणाले, "वाका परत." मी वाकलो. डोळ्यांतून पाणी येत होतं माझ्या, आणि ते टिचकीमुळे नव्हतं.

आठ दिवसांनी मी आणि सुलभा मशीन परत द्यायला कल्याणला गेलो. बाई खूश झाल्या, पण म्हणाल्या, "मशीन गेलं तरी सराव थांबता कामा नये. रोज टिचकी मारायला घरी काही आहे का?"

मी म्हणणार होतो, कॅरम आहे. पण सुलभा माझ्याआधी बोलली.

"आहे की! रोज संध्याकाळी साडेसहाला आंबिवलीहून घरी येतं."