पोस्टकार्डाचं पॅकिंग

परवा भंगारातनं आलेल्या एका जुन्या मोटारसायकलचा ऑइल पंप उघडला आणि आतल्या पॅकिंगवर पेन्सिलीची अक्षरं दिसली. हातातला पाना हातातच राहिला.

सत्तरच्या दशकातली दुपार. सांगलीत माझ्या गॅरेजसमोर रजेवर आलेला एक फौजी येरझाऱ्या घालत होता. पंप गळत होता. तेल संपलं असतं तर इंजिन वाटेतच जाम झालं असतं. दिवस मावळायच्या आत तो पलूसला पोचला नाही, तर त्यानं पसंत केलेल्या मुलीचा बाप दुसऱ्या स्थळाला होकार देणार होता. तसं पत्रच आलं होतं.

"आवं मिस्त्री, झालं का?"

"पॅकिंग फाटलंय गड्या. जाड कागद पायजे."

त्यानं खिशातनं तेच पोस्टकार्ड काढलं. "ह्येच घ्या."

"पत्र हाय की रं!"

"पोचलोच न्हाई तर ठिवून काय करू?"

कार्ड पंपावर धरून मी कडेकडेनं हातोडी ठोकत पॅकिंग कापलं. गळती बंद झाली का, हे बघायलाही तो थांबला नाही.

झाली होती, हे परवा ते कार्ड अजून जागेवरच बघून कळलं. गाडी आणणाऱ्याला विचारलं, ही कुणाची? तो फौजी त्या दिवशी वेळेत पोचला का? त्याला ठाऊक नव्हतं. तेव्हापासून मीच दिवस मावळायच्या आत पलूस गाठायच्या घाईत आहे.