देवीला सोडलेली डुकरीण

शकुमावशीइतकी हट्टी बाई मी दुसरी पाहिली नाही. देवळाली कॅम्पाच्या मागं, नाल्याकाठच्या वस्तीत तिचं घर माझ्या घराला खेटून होतं. कॅम्पातल्या खाणावळींचं उष्टं-खरकटं डब्यांत भरून ती हातगाडीवरून आणायची आणि डुकरांपुढं ओतायची. कुणी नाकाला पदर लावला की म्हणायची, तुझं पोट भरलंय, आता माझ्या लेकरांचं भरू दे. नवरा कधीच गेला होता, लेक बाळंतपणात गेली. उरला होता तो लेकीचा मुलगा, काळू. त्याला ती तळहाताच्या फोडासारखं जपायची.

काळू रांगता असताना डांग्या खोकल्यानं निळा पडला होता. तेव्हा मावशी मरीआईला नवस बोलली, पोर वाचलं तर एक डुकरीण तुझी. पोर वाचलं. मावशीनं एका पिल्लाचा कान कातरून ते देवीच्या नावानं सोडलं. काळू शाळेत जायला लागला की वाहायचं, तोवर विकायचं नाही आणि कुणाला हात लावू द्यायचा नाही.

एक्याऐंशी सालच्या भादव्यात वस्तीत ताप शिरला. मेला साधा ताप नव्हता तो. सकाळी हुंदडणारं पोर संध्याकाळी डोळे फिरवायचं, झटके द्यायचं. नवसाबाईची मुलगी गेली, पाठोपाठ कोंडाजीची दोन्ही पोरं. बाहेरून डॉक्टर आले. त्यांनी पोरांचं रक्त घेतलं, डुकरांचंही घेतलं. मग सगळ्यांना गोळा करून सांगितलं, की या तापाचं विष डुकराच्या अंगात वाढतं, पण डुक्कर धडधाकट दिसतं. डास त्याला चावतो आणि मग माणसाला चावतो. डुकरं लांब न्या, पोरांना मच्छरदाणीत निजवा. आमच्याकडं कसली आलीय मच्छरदाणी?

डुकरं मात्र हलवता येत होती. शिव्या घालत, रडत लोकांनी ती पलीकडच्या माळावर नेऊन कोंडली. मावशीनंही आपली सगळी धाडली, कानकातरी तेवढी ठेवली. माळावर कुणी चोरून कापली तर देवीला काय तोंड दाखवू, म्हणायची. तपासणीची माणसं फिरत होती, म्हणून तिनं ती घरातच बांधली, काळूच्या अंथरुणाच्या पायथ्याशी.

माझं डोकंच फिरलं. तिच्या दारात उभी राहून मी तोंड सोडलं. म्हटलं, म्हातारे, अक्कल गहाण ठेवलीस का, पोर आहे घरात. ती काळूच्या केसांना तेल लावत होती. मान वर न करता म्हणाली, "लता, डास मला ठावका नाय. देवी ठावकी हाय. हिला घालवली तर ती पोरालाच नेईल."

मी कोंडाजीला बोलावून आणलं. तो दोर सोडायला वाकला, तर मावशी डुकरिणीवर आडवी पडली. दोन पोरं मातीत घालून आलेला माणूस, त्याला तिच्याशी झोंबाझोंबी करवेना. तो निघून गेला.

आठवडाही झाला नाही आणि काळू तापला. त्याला पाठीशी बांधून मावशीनं नाशिकचा दवाखाना गाठला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. शेवटी त्यानं तिला ओळखलंही नाही. घरातल्या डासानं घात केला की नाल्यावरच्या, असं तिनं डॉक्टरला विचारलं. ते आता कुणालाच सांगता येणार नाही, असं तो म्हणाला.

काळूचे दिवस झाल्यावर ती माझ्या चुलीपाशी येऊन बसली. चहा दिला, तो तसाच निवला.

"लता, तू सगळं तोंडावर बोलतीस. मी त्याला राखत होते का मारत होते?"

माझ्या जिभेला हाड नाही, सगळी वस्ती जाणते. पण तिच्याकडं बघून मला रडू फुटलं. म्हटलं, "राखत होतीस, मावशी."

तिनं निवलेला चहा बाजूला सारला.

"म्हंजे माझं काय चुकलं नाय," ती म्हणाली. "मग देवीच खोटी निघाली."

उठून तिनं कानकातरीचा दोर सोडला आणि तिला माळावर हाकलून दिली. त्यानंतर मरेपर्यंत ती मरीआईच्या पायरीवर चढली नाही.