स्टेन, केळीचा चीक

अकोल्यातल्या त्या लाँड्रीवाल्याचं नाव मी विचारलं नाही. माझ्या आधी आलेल्या बाईंची साडी त्याने उजेडात धरली, डागावरून अंगठा फिरवला आणि पावतीवर लिहिलं, 'स्टेन, हळद'. मागून भांडण नको म्हणून ही त्याची पद्धत.

मग मी बाबांचा पांढरा सदरा पुढे केला. आठवण म्हणून ठेवायचा, तर स्वच्छ असावा असं मला वाटत होतं. खांद्यावरच्या काळपट डागापाशी त्याचा अंगठा थांबला.

"केळीचा चीक हाय. घड कोन वाहे?"

"बाबा. मागच्या महिन्यात गेले."

त्याने पेनाला टोपण लावलं. "मंग याले स्टेन कावून लिवू? डाग औषधानं निंगन तं खरं, पन गेला का गेला. इचार करा."

मला घाई होती, आणि त्याने शिकवावं याचा रागही आला. "लिहा," मी म्हणालो. "एकदम साफ करून द्या."

त्याने लिहिलं आणि सदरा इतर कपड्यांत न टाकता वेगळा ठेवला.

सदरा आता माझ्या कपाटात आहे, पांढराशुभ्र. बाबा घड कोणत्या खांद्यावर वाहायचे, ते मला काही केल्या आठवत नाही.