कवळीकाकांची संथ तबकडी

जी तबकडी मिळवायला कवळीकाकांनी अर्धं आयुष्य घालवलं, ती मी पहिल्याच दिवशी चुकीच्या वेगानं लावली. कोणाच्या लक्षात आलं असतं तर चार शब्द ऐकून मोकळा झालो असतो. पण लक्षात आलं नाही. उलट सगळ्यांना ती फार आवडली, आणि तिथंच घोटाळा झाला.

कवळीकाका कवळ्या करतात. दातांचे डॉक्टर ते नव्हेत. डॉक्टर आमच्या दवाखान्यात पेशंटच्या तोंडाचा साचा घेतात, मी तो ओल्या फडक्यात गुंडाळून काकांकडे पोचवतो, आणि आठ-दहा दिवसांनी त्या साच्याचे दात होऊन परत येतात. दवाखान्यात माझं काम नावं पुकारायचं आणि तारखा द्यायचं. शिक्षण लहान गावातलं. आमच्या शाळेत संगीत म्हणजे बाकावर ताल धरणं आणि त्याबद्दल उरलेला तास वर्गाबाहेर उभं राहणं. त्यामुळे काकांच्या रविवारच्या बैठकीत मी कसा शिरलो, हे आमच्या ताईला अजून कोडं आहे. तिच्या मते मी तिथं चहासाठी जातो. सुरुवातीला ते खरंही होतं.

काकांची कामाची खोली घराच्या मागच्या अंगाला. एका भिंतीला प्लास्टरचे साचे ओळीनं लावलेले, म्हणजे अर्ध्या गावाचे जबडे. समोरच्या भिंतीला रेकॉर्डी. मधल्या टेबलावर मेणाचा दिवा, हिरड्यांच्या रंगाची गुलाबी पूड, घासायचं चाक. काका रेकॉर्ड धुतात ती दात धुवायच्या मऊ कुंचल्यानं, वाळवतात ती साचे वाळवायच्या जाळीवर, आणि सुईचं टोक तपासतात ते डोळ्याला भिंग लावून, जसं कुणाच्या सुळ्याची कड तपासावी. मात्र रविवारी तबकडीला स्वतः हात लावत नाहीत. आठवडाभराचं प्लास्टर नखांत बसलेलं असतं आणि ती पूड खाचेत गेली की संपलंच. पूर्वी सुई ठेवायचं काम चेकरसाहेबांचं होतं. हे काकांचे जुने मित्र, बसमधले तिकीट तपासनीस, आता निवृत्त. त्यांचे गुडघे उठू देईनात, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

आणि संगीत कोणतं, तर फ्री जाझ. जाझ म्हणजे हॉटेलात जेवताना मागं हळू वाजतं ते, एवढंच मला माहीत होतं. काकांचं जाझ वाजत असताना कोणी जेवू शकणार नाही. त्यात चाल धरून ठेवायची नाही, ठेका पाळायचा नाही, ज्याला जेव्हा जे सुचेल ते त्यानं तेव्हा वाजवायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विचारलं होतं, "काका, हे वाद्यं जुळवतायत का?"

"जुळवून झाली," काका म्हणाले. "आता जरा गप्प बस."

या खोलीत कित्येक वर्षं एकच भांडण चालू होतं. काकांचं म्हणणं, यातला एकही आवाज अपघातानं आलेला नाही. चिरका निघाला तर चिरकाच हवा होता म्हणून. चेकरसाहेबांचं म्हणणं, भांड्यांची मांडणी कोसळली आणि तुला सांगितलं की तिघांनी वाजवली, तर तू त्यालाही मान हलवशील.

"अरे, मुद्दाम केलेलं आणि आपोआप झालेलं कानाला कळतं," काका म्हणायचे.

"मला तिकीट नसलेला माणूस चेहऱ्यावरून कळायचा. तुला कसला कळतोय कानानं."

चहा घेऊन आलेल्या काकू दारातून विचारायच्या, "चालू आहे ते की काही पडलं?"

भांडण असं, पण चेकरसाहेबांचा एक रविवार चुकला नाही.

तर ती तबकडी. एक सॅक्सोफोन आणि दोन ड्रमवाले. तिघांनी पदरच्या पैशानं मोजक्याच प्रती काढल्या आणि त्याही मित्रांना वाटल्या. रेकॉर्डी जमवणारे जे जे काकांच्या ओळखीचे होते, त्या सगळ्यांनी तिच्याविषयी ऐकलं होतं आणि कोणीच ती ऐकली नव्हती. शेवटी ती जुन्या सामानाच्या दुकानात, बिनकुलपाच्या किल्ल्यांच्या खोक्याखाली सापडली. दुकानदार हुशार. काकांचा चेहरा बघून त्यानं भाव चढवला, आणि बदल्यात आपल्या सासूची खालची कवळी करून घेतली.

मोठी तबकडी असली की वेग मिनिटाला तेहतीस फेऱ्यांचा, छोटी असली की पंचेचाळीसचा, हे मला काकांनीच शिकवलेलं. ही मोठी होती. मी तेहतीसवर लावली.

खर्जातून एक आवाज आला, जड लोखंडी दार कोणी सावकाश ढकलावं तसा. मग लांब पोकळी. मग ड्रमवर एक ठोका, आणि तो विरेपर्यंत दुसऱ्यानं वाट बघितल्यासारखं. सॅक्सोफोनवाला श्वास घ्यायचा तोसुद्धा ऐकू येत होता, विहिरीत उतरल्यासारखा खोल. मला हसू आलं नाही, हे पहिलं नवल. बाजू संपली तरी कोणी हललं नाही, हे दुसरं. तिसरं नवल चेकरसाहेबांनी केलं. चष्मा पुसत म्हणाले, "हे मात्र मुद्दाम केलेलं आहे. मान्य."

काकांचा चेहरा असा झाला, की सासूच्या कवळीचे कष्ट फिटले. मग ते बोलत सुटले. हा माणूस घाईत नाही. बाकीचे ओरडतात, हा थांबतो. श्वास बघ केवढा. एवढा श्वास घ्यायला आधी धीर लागतो. आम्ही ऐकत होतो. मी तबकडी पाकिटात घालायला उचलली, उजेडात तिरकी धरली, आणि मधल्या कागदाच्या कडेला, जिथं खाचा संपतात तिथं, कोणीतरी हातानं कोरलेला आकडा दिसला. पंचेचाळीस.

शहाण्यानं तबकडी गुपचूप पाकिटात सरकवली असती. मी वाचून दाखवला.

काका म्हणाले, "लाव परत."

पंचेचाळीसवर ती भलतीच निघाली. विहिरीतला श्वास म्हणजे एका सर्दी झालेल्या माणसाचा सुस्कारा होता. ठोक्यांच्या मधल्या त्या पोकळ्या गायब. दोन्ही ड्रमवाले एकमेकांच्या अंगावर पडत होते. तशा रेकॉर्डी काकांच्या भिंतीवर डझनानं होत्या. मध्येच काकांनी हात वर केला, मी सुई उचलली.

चेकरसाहेब जिंकले होते. इतकी वर्षं जे म्हणत आले ते माझ्या एका बटणानं सिद्ध झालं होतं: काकांच्या कानाला मुद्दाम आणि अपघात यातला फरक कळला नव्हता. पण ते चहा न घेताच उठले. चपला घालून गेले.

पुढच्या रविवारी मी गेलो तर तबकडीच्या यंत्रावर कापड झाकलेलं. काका म्हणाले, "कामं साठलीत रे." त्यापुढच्या रविवारीही साठलेलीच होती. काकूंनी मला स्वयंपाकघरात ओढलं.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "काम-बिम काही नाही. सकाळपासून माझे डबे उंचीप्रमाणे लावतायत. जिरं कुठं आहे मला सापडत नाही. काहीतरी कर. तो गोंधळ परवडला."

"मी काय करू, काकू? माझ्यामुळेच झालंय."

"म्हणून तर तुला सांगतेय."

मला काही सुचलं नाही. सुचलं ते चेकरसाहेबांना. एका संध्याकाळी ते आमच्या घरी आले, गुडघे धरत बसले आणि म्हणाले, "जिंकण्यात काही राम नाही. रविवारी दुपारी करायचं काय माणसानं? तुझ्याकडे बारीक कानस आहे?"

ताईची नखं घासायची पट्टी तेवढी होती. ती घेऊन ते मोरीत गेले. आतून बराच वेळ खरखर ऐकू आली. बाहेर आले तेव्हा ओठ मिटलेले होते, आणि बोलले तेव्हा प्रत्येक 'स'ला शिट्टी वाजत होती. त्यांची वरची कवळी काकांनीच केलेली, आणि तिचाच एक दात त्यांनी मागून घासला होता. आता काकांकडे जायला कारण झालं होतं.

रविवारी आम्ही दोघं गेलो. काकांनी मित्राकडे न बघता खुर्ची पुढं केली. "काय होतंय?"

"शिट्टी वाजते. आपोआप. चार-पाच दिवस झाले."

"मोज. एकसष्टपासून."

हे काका प्रत्येक नव्या कवळीला करतात. साठीतल्या आकड्यांत 'स'ची रेलचेल, त्यामुळे दात कुठं चुकला ते कळतं. चेकरसाहेब मोजू लागले. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. काकांनी डोळे मिटले होते. सदुसष्टला त्यांनी हात वर केला, बैठकीत करत तसाच.

"आपोआप नाही झालेलं हे."

"म्हणजे?"

"दात झिजला असता तर फुसफुस झाली असती. ही शिट्टी एका जागची आहे, स्वच्छ आहे. मागून कानस मारलीय कोणीतरी. आणि मारताना घाबरलाय, म्हणून उजवीकडे अर्धवट सोडलीय." मग त्यांनी कवळी काढून घेतली आणि भिंगाखाली धरली. उजवीकडे अर्धवट सोडलेली होती.

मी ताईच्या पट्टीचा विचार करत खिडकीबाहेर पाहू लागलो.

चेकरसाहेब बिनदाताचे, तरी बोलल्याशिवाय राहवेना. "मग त्या दिवशी का नाही कळलं?" एवढंच ते बोलले, तेही अर्धं हवेत.

काकांनी मेणाचा दिवा लावला. मग ते त्या दाताच्या मागं गुलाबी लेप चढवू लागले.

"त्या दिवशी तपासत कोण होतं?" ते म्हणाले. "इतकी वर्षं वाट बघितलेली. आवडायचं आधीच ठरलं होतं. नव्या कवळीचा पेशंट पहिल्या दिवशी छान बसली म्हणूनच सांगतो. बोचायला आठवडा लागतो." मग माझ्याकडे वळून, "कापड काढ त्याच्यावरचं. बघून लाव. पंचेचाळीस."

मी बघून लावली, आणि काकांनीही भिंगातून बघून घेतलं.

या वेळी काकांनी ती दात बघावेत तशी ऐकली. मधूनच म्हणत, इथं बघ, डावीकडचा ड्रमवाला मुद्दाम मागं राहिलाय, दुसऱ्याला पुढं जाऊ देतोय. आता सॅक्सोफोनवाल्याला हसू आलंय, वाद्याची तोंडातली पट्टी दाबून हसतोय बघ. मला हसू वगैरे ऐकू आलं नाही, पण डावीकडचा मागं राहत होता हे खरं. मागच्या वेळी मला ते नुसते एकमेकांवर पडताना दिसले होते. चेकरसाहेब तोंड मिटून बसले होते. दात काकांच्या हातात असल्यामुळे ती बाजू इतिहासात प्रथमच कोणीही न भांडता ऐकली गेली.

संपल्यावर काका म्हणाले, "चांगली आहे. फार थोर नाही, पण चांगली आहे. आता तुझी लाव."

"माझी?"

"तेहतीसची."

पुन्हा ते लोखंडी दार सावकाश उघडलं. चेकरसाहेबांनी मान मागं टेकली. दारात काकू आल्या आणि काही न विचारता तिथंच चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. काका लेप घासून गुळगुळीत करत होते, चाक बंद ठेवून, हातानं, आवाज होऊ नये म्हणून.

"ही जास्त चांगली आहे," ते शेवटी म्हणाले. "पण ही त्या तिघांची नाही. त्यांना सांगितलं तर मारायला धावतील."

चेकरसाहेबांनी दात मागितले. ते बसवून त्यांनी एकसष्ट, बासष्ट करून पाहिलं. शिट्टी गेली होती. मग म्हणाले, "तर मी म्हणत होतो तेच. अपघातच जास्त चांगला."

"तू म्हणत होतास की फरक कळत नाही. आता म्हणतोस जास्त चांगला. फरक कळल्याशिवाय कसा म्हणतोस?"

"बोलण्यात पकडू नकोस."

"मग बोलतोस कशाला? दात काढून घेऊ?"

काकू म्हणाल्या, "भाऊजी, चहा घेणार ना?" आणि स्वयंपाकघरात डब्यांची आदळआपट सुरू झाली, त्या जिरं परत आपल्या जागी नेत असाव्यात.

तेव्हापासून रविवार पुन्हा चालू आहेत. बैठकीच्या शेवटी ती तबकडी संथ लावायची, असं न ठरवता ठरलं आहे, आणि अपघातच जास्त चांगला का, यावर नवं भांडण सुरू झालंय, ते काही केल्या संपणार नाही.

राहिली ती ताईची पट्टी. चेकरसाहेबांनी ती परत दिली खरी, पण तिच्यात गुलाबी पूड अशी बसली आहे की नखाला लावली तर नखाची हिरडी व्हायची. मी ती माझ्या कपाटात कपड्यांखाली ठेवली आहे. ताई परवासुद्धा शोधत होती. नवी आणून द्यायला हवी. या आठवड्यात बघतो.