मुलीकडची बाई

कुणाला सरकारी नोकरी लागली की घरात पेढे येतात, आणि पेढ्यांचा खोका रिकामा व्हायच्या आत मी त्या गल्लीत पोचते. मी पोलीस ठाण्याच्या गोपनीय शाखेत हवालदार आहे आणि चारित्र्य पडताळणी हे माझं काम. निवड झालेल्या उमेदवाराने स्वतःबद्दल भरलेला फॉर्म आमच्याकडे येतो. मग गावात जायचं, त्यात लिहिलंय ते खरं आहे का बघायचं, ठाण्याचं रेकॉर्ड तपासायचं आणि गावातल्या दोन प्रतिष्ठित व्यक्तींचे सहीनिशी जबाब घ्यायचे. त्यावरून माझा अहवाल वर जातो. अहवालात एक ओळ वाकडी आली तर नेमणूक अडकते, आणि अडकलेली नेमणूक पुन्हा सुटेलच असं नाही.

गोपनीयवाल्यांना गणवेश नसतो. मी साडीत असते, खांद्याला पर्स, बुडाखाली स्कूटी. अशी बाई अनोळखी गल्लीत येऊन "इथला तो पोरगा कसा आहे हो?" असं विचारायला लागली की गावाला एकच गोष्ट सुचते. ही मुलीकडची. कुणी मला मुलीची मावशी समजतं, कुणी आत्या. एकदा एका म्हातारीने मलाच वधू समजून वरपासून खालपर्यंत न्याहाळलं होतं आणि "वय जरा जास्त वाटते" असं शेजारणीला, मलाही ऐकू येईल इतक्या हळू, सांगितलं होतं.

मी हा गैरसमज कधी लगेच दूर करत नाही. पोलीस म्हटलं की लोकांची जीभ टाळूला चिकटते, आणि सोयरिक म्हटलं की घरात बोलावून, चहा पाजून सगळं सांगतात. म्हणून ओळखपत्र पर्समध्ये ठेवायचं आणि शेवटी सहीच्या वेळी काढायचं, ही माझी युक्ती. या युक्तीचा मला फार अभिमान होता. ठाण्यात नवीन आलेल्यांना मी ती शिकवतही असे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते काय असतं, हे मला सुलतानपूरच्या अलीकडच्या एका गावात कळलं.

तिथल्या एका पोराची वनरक्षक म्हणून निवड झाली होती. बाप नाही, आई दुसऱ्यांच्या शेतात कामाला, घर दोन खोल्यांचं. हजर व्हायची तारीख आठ दिवसांवर आली होती आणि त्याचा कागद माझ्या टेबलावर बरोबर पोचायचा तेवढा उशिरा पोचला होता. मी सकाळीच निघाले. तुरी शेंगांनी लगडल्या होत्या, हवेत गारवा होता आणि मी अगदी खुशीत होते.

पोलीस पाटील मीटिंगला बुलढाण्याला गेलेले. म्हणजे ओळख करून देणारं कुणी नव्हतं. पोरगा फॉर्मसोबतच्या कसल्याशा झेरॉक्ससाठी चिखलीला गेला होता. त्याच्या आईला मात्र मी कोण ते सांगितलं. तिने चहा केला आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. काही बोलायचं होतं तिला. मी म्हटलं, "बाई, आईचा जबाब चालत नाही. कोणती आई आपल्या लेकाले वाईट म्हणंल?" ती हसली आणि आत गेली.

मग मी समोरच्या घरी गेले. घर मोठं, ओट्यावर पन्नाशीचा घरमालक हरभऱ्याची भाजी निवडत बसलेल्या बायकोला सूचना देत होता. गावात वजन असलेला माणूस, बोलण्यावरूनच कळत होतं. मी समोरच्या पोराबद्दल विचारलं तसं त्याने बायकोला आत पाठवलं, खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला.

"ताई, मले कोणाचं वाईट करायचं नाई," तो म्हणाला. "पण तुमी इतक्या दुरून आल्या, तर खोटं काऊन सांगू?"

असं म्हणून त्याने जे सुरू केलं ते थांबेचना. पोरगा पितो. आज नाही, तीन वर्षांपासून पितो. गेल्या पोळ्याच्या करीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, चिखलीला पिऊन मारामारी केली, तिघांना लोळवलं, तेव्हापासून त्याच्या नावावर केस आहे. स्वभाव तापट. आईवर हात उचलतो. प्रत्येक वाक्यानंतर "पण मी सांगितलं म्हणून सांगू नोका" हे होतंच. मी मान डोलवत सगळं डायरीत लिहून घेतलं. माझ्या मनात त्या माणसाबद्दल आदर दाटून आला. सोयरिकीच्या चौकशीतही शेजाऱ्याचं इतकं वाईट कुणी तोंडावर सांगत नाही, हा मात्र बिचारा परक्या मुलीचं भलं व्हावं म्हणून शेजाऱ्याशी वाकडेपणा घ्यायला तयार होता. प्रतिष्ठित व्यक्ती म्हणजे हीच, असं मला वाटलं.

मग मी ओळखपत्र काढलं, डायरी त्याच्यापुढे धरली आणि सही करा म्हटलं.

"कशाची सही?"

"तुमच्या जबाबाची. पोराच्या नोकरीची चौकशी आहे. मी पोलीस ठाण्यातून आली."

मी बरेच चेहरे उतरलेले पाहिले आहेत, पण असा नाही. त्याने ओळखपत्र बघितलं, मग मला, मग पुन्हा ओळखपत्र. "म्हंजे तुमी पोरगी घेऊन नाई आल्या?" त्याने विचारलं. मी नाही म्हटलं. पुढच्या क्षणाला गाडी उलटी फिरली. पोरगा म्हणजे सोनं. सुपारीचं खांडही खात नाही. आईला देवासारखं मानतो. केस कशाची, कुठली केस, मी तर दुसऱ्याच पोराबद्दल बोलून राह्यलो होतो.

इथे माझा राग चढला, आणि माझा राग चढला की बुद्धी उतरते. लोक सही बघून खरं गिळतात, हे मी वर्षानुवर्षं पाहिलेलं. म्हणजे आधीचं खरं आणि आताचं भीतीपोटी, असा मी सरळ हिशेब केला. मी त्याला म्हटलं, "दादा, मले येडं समजू नोका. तुमी सही करा नाईतर नका करू, मी 'अधिक चौकशी आवश्यक' लिहिणार." अधिक चौकशी म्हणजे निदान महिनाभर, आणि हजर व्हायला आठ दिवस होते. हे त्यालाही कळलं. तो कपाळाला हात लावून ओट्यावरच बसला.

तेवढ्यात आतून त्याची मुलगी आली. वीस-बावीसची असेल. हातात जाडजूड रजिस्टर होतं. बापाकडे न बघता ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मॅडम, बाबा खोटं बोलले," ती म्हणाली. "आधी बोलले ते."

"काऊन बोलतीन खोटं?"

"त्याहिले तो पोरगा माह्यासाठी पाह्यजे. नोकरी लागली तवापासून घरात तेच चालू हाये. तुमाले पाह्यलं आन त्याहिले वाटलं, दुसऱ्याची पोरगी आली. म्हणून मोडता घालत होते."

ओट्यावरून कण्हल्यासारखा आवाज आला. मला इतकं हसू आलं की पर्समधला रुमाल शोधायचं निमित्त करून मान खाली घालावी लागली. माझी युक्ती. दहा वर्षांची माझी लाडकी युक्ती.

पण नुसत्या हसण्याने अहवाल होत नाही. मारामारीचं काय, मी विचारलं. तिने रजिस्टर उघडलं. गावाच्या समाजमंदिरात पोरांनी अभ्यासिका चालवली होती, तिची किल्ली या मुलीकडे असायची. शेवटी कोण उठलं, कुलूप कुणी लावलं याची भानगड नको म्हणून येणाऱ्याने वेळ टाकून सही करायची, असा तिचा नियम. करीच्या दिवसाचं पान तिने माझ्यापुढे धरलं. दुपारी बारा ते रात्री आठ. त्या पानावर दोनच सह्या होत्या. एक त्या पोराची आणि एक तिची.

ते पान बघून बाप उठून उभा राहिला. सणाचा दिवस, सगळं गाव बाहेर, आणि एका खोलीत हे दोघंच. गल्लीत तोपर्यंत चार माणसं जमलेली. हे पान दाखवलं तर गावात काय बोललं जाईल, हे त्या मुलीला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, आणि तरी ती ते दोन्ही हातांनी धरून उभी होती. मी हळूच म्हटलं, "हे लिहून घेतलं तर तुझं नाव येईल बरं."

"येऊ द्या. खरं हाये ते लिवा."

गर्दीतून एक वयस्क टेलरचाचा पुढे आले. त्यांचं मशीन अभ्यासिकेच्या दारासमोर. "मॅडम, दरवाजा पूरा खुल्ला होता," ते म्हणाले. "करीले मले एका निकाहचे दोन सफारी द्यायचे होते, दिवसभर मी तिथंच. दोन्ही सफारी शिवून झाले, पण या पोरानं पुस्तकातून मान वर नाई केली. मीच तीनदा चहा पाठवला. पिऊन राह्यला होता म्हणा, पण चहा."

गल्ली हसली. बापसुद्धा हसल्यासारखा झाला. मी ठाण्यात फोन लावून रेकॉर्ड बघायला सांगितलं. पोराच्या नावावर काहीच नव्हतं. खरं तर हे मी निघायच्या आधीच बघायला हवं होतं. पण खुशीत होते ना.

चाचांचा जबाब घेतला. दुसरा कुणाचा घ्यायचा? बाप लगेच पुढे झाला, "माहा घ्या, मी चांगला देतो." मी डायरी त्याच्यापासून लांब ओढली. मग मुलीला खुर्चीत बसवलं आणि लिहायला घेतलं. इतक्या वर्षांत मी या रकान्यात सरपंच लिहिले, मुख्याध्यापक लिहिले, दुकानदार लिहिले. विशीतली बिनलग्नाची मुलगी कधीच लिहिली नव्हती. लिहिताना वाटलं, आपण आजवर प्रतिष्ठा कुठे शोधत होतो कोण जाणे.

सही झाल्यावर, कागदात न बसणारा एक प्रश्न मी तिला विचारला. "बाबाले तो पोरगा पाह्यजे. आन तुले?"

"मले नोकरी पाह्यजे," ती म्हणाली. "मीबी फॉर्म भरून राह्यली. तो पास झाला, मी का होणार नाई?"

पोराचा अहवाल मी त्याच संध्याकाळी पाठवला आणि तो वेळेत हजर झाला. ठाण्यात मी ही गोष्ट स्वतःच सांगून टाकली, दुसऱ्याने सांगण्यापेक्षा बरी. तेव्हापासून ओळखपत्र आधी, चहा नंतर.

पण मला माझीच एक गोष्ट राहून राहून आठवत होती. माझी निवड झाली तेव्हा आमच्या धामणगाव बढेकडच्या गावात असाच एक हवालदार आला होता. त्याने सरपंचाला विचारलं, किराणावाल्याला विचारलं. त्या दोघांना मी आणि माझी बहीण यातली कोण कोणती हेही सांगता आलं नसतं. शेजारची काकू, जी वर्षभर पहाटे भिंतीवरचं घड्याळ काढून हातात घेऊन माझं धावणं मोजायची, ती चहाचा ट्रे धरून मागे उभी होती. तिला कुणी विचारलं नाही. तिचा राग अजून गेलेला नाही. भेटली की म्हणते, "मले इचारलं असतं तर पानभर सांगितलं असतं."

दोन वर्षांनी वनरक्षकाच्या गावाचा आणखी एक फॉर्म माझ्या टेबलावर आला. नाव वाचलं आणि ठाण्यात सगळ्यांना चहा सांगितला. आरोग्य सेविका म्हणून निवड झाली होती तिची.

मी गल्लीत स्कूटी लावली तर बाप ओट्यावर. मला बघताच ताडकन उठला आणि हात पुढे केला. "मॅडम, आधी कार्ड दाखवा." मी दाखवलं. त्याने ते खरंच नीट वाचलं, परत दिलं आणि सदऱ्याच्या खिशातून पेन काढलं. बापाची सही चालत नाही असं सांगितल्यावर तो इतका हिरमुसला की मला त्याची दया आली.

"मंग कोणाची घेता?" त्याने विचारलं.

मी वळून समोरच्या घराकडे गेले. वनरक्षकाची आई दाराच्या चौकटीला धरून तशीच उभी होती. मी डायरी उघडली आणि म्हटलं, "बाई, समोरची पोरगी कशी हाये?"

"मले इचारता?" ती म्हणाली. "माही सही चालते?"

चालते म्हटल्यावर ती पदर खोचून खाली बसली आणि बोलायला लागली. पोरगी दुसरीत असताना शिडीवरून पडली होती तिथपासून तिने सुरुवात केली. पोराला अभ्यासिकेत उशीर झाला की हीच भाकर बांधून न्यायची, ते सांगितलं. त्या दिवशी रजिस्टर घेऊन ती गल्लीत उभी राहिली तेव्हा आपण आत चुलीपाशी बसून रडत होतो, हेही सांगितलं. हे सगळं अहवालात लागत नाही. तरी मी एकही शब्द गाळला नाही. पान भरलं, पाठपोट भरलं, मग मी पर्समधून दुसरा कागद काढला आणि तिला म्हटलं, सांगा पुढे.